ऑनलाइन ग्रुपच्या फेऱ्या आवरणारी साधनं: कामाची कोणती, दिखाऊ कोणती

दिवसातून बारा वेळा पाच-पाच मिनिटं ग्रुपमध्ये डोकावलं की तास भरतो. रात्री एका बैठकीत निवांत वाचलं तरी तासच भरतो. फोनच्या लेखी दोन्ही सारखंच. पहिल्या प्रकारात मात्र दिवसाचे तेरा तुकडे होतात, आणि त्यातला एकही तुकडा वाद्याचा सराव, लांब फेरफटका किंवा घरच्यांशी सलग गप्पा यांना पुरत नाही. म्हणून या परीक्षणात प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारला आहे: याने फेऱ्या कमी होतात का? मिनिटं कमी झाली आणि फेऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर हाती फारसं काही लागत नाही.

सुरुवात फोनमध्ये आयत्या मिळणाऱ्या दोन साधनांपासून. गूगलचं डिजिटल वेलबीइंग आणि अॅपलचं स्क्रीन टाइम, दोन्ही २०१८ मध्ये आली. दोन्हीकडे अॅपला रोजची मर्यादा घालता येते आणि ती मध्यरात्री नव्याने सुरू होते. गोची इथेच आहे. रात्री पावणेबाराला मर्यादा संपलेला माणूस पंधरा मिनिटं थांबला की त्याला अख्ख्या नव्या दिवसाचा कोटा मिळतो, तोही झोपायच्या वेळी. म्हणून टायमर लावणाऱ्याने झोपेच्या वेळेचं वेळापत्रकही लावावं: अँड्रॉइडवर बेडटाइम मोड किंवा फोकस मोड, आयफोनवर डाउनटाइम. नुसता टायमर म्हणजे अर्धवट काम.

आयफोनवर मर्यादा संपायला पाच मिनिटं उरली की सूचना येते. संपल्यावर पडदा येतो, पण त्यावरच पळवाटा छापलेल्या असतात: आणखी एक मिनिट, पंधरा मिनिटांनी आठवण कर, आजच्यापुरतं दुर्लक्ष कर. आठवडाभरात अंगठ्याला त्या बटणाची जागा पाठ होते, वाचावंही लागत नाही. यावर उपाय म्हणजे स्क्रीन टाइमचा चार आकडी पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणीतरी टाकायचा आणि 'मर्यादा संपल्यावर ब्लॉक करा' हे बटण चालू करायचं. पासकोड स्वतःच टाकलेला असेल तर तो कडी-कोयंडा नव्हे, नुसता पडदा. अँड्रॉइडवर मर्यादा संपली की अॅपचं चिन्ह करडं पडतं, पण सेटिंगमध्ये जाऊन टायमर काढून टाकायला कुणाचीच परवानगी लागत नाही. शिवाय अॅप बंद असलं तरी तीच साइट ब्राउझरमध्ये उघडते.

मग ही साधनं टाकाऊ का? कुलूप म्हणून जवळपास तसंच. वही म्हणून मात्र उत्तम. डिजिटल वेलबीइंगच्या डॅशबोर्डवर फोन किती वेळा अनलॉक झाला आणि कोणत्या अॅपने किती नोटिफिकेशन पाठवली हे दिसतं. आयफोनवर त्याहून बोलका तपशील आहे: फोन उचलल्यावर सर्वांत आधी कोणतं अॅप उघडलं, याची वेगळी यादी. एकूण तास बघून माणूस नुसता हळहळतो, या यादीवरून मात्र काय करायचं ते कळतं. चॅटचं अॅप तिथे वर असेल तर दुखणं नोटिफिकेशनचं. रेडिटसारखी, विषयवार समुदायांच्या चर्चांची साइट वर असेल तर दुखणं कंटाळ्याचं. दोन्हींचं औषध वेगळं आहे, आणि बहुतेक जण नेमकं उलटं औषध घेतात.

नोटिफिकेशनवरचा इलाज बाहेरून काही आणून होत नाही, तो ज्या त्या अॅपमध्येच असतो. व्हॉट्सअॅपवर ग्रुप म्यूट करायला आठ तास, एक आठवडा आणि कायम असे तीन पर्याय आहेत. पहिले दोन विसरून जा; मुदत संपली की आवाज पुन्हा सुरू होतो आणि तोवर म्यूट केलेलं आठवतही नाही. 'कायम' निवडून ग्रुप अर्काइव्हमध्ये टाका. चॅट सेटिंगमधलं 'चॅट अर्काइव्ह केलेल्या ठेवा' हे बटण चालू असेल तर नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळत नाही. कुणी थेट तुमचं नाव घेतलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तर मात्र सूचना येते. बहुतेक ग्रुपांच्या बाबतीत एवढा धागा पुरेसा असतो. प्रायव्हसीमध्ये 'ग्रुप' या ठिकाणी 'माझे संपर्क' निवडलं की अनोळखी माणूस परस्पर ग्रुपात ओढू शकत नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागतं, आणि ते तीन दिवसांत आपोआप बाद होतं. आणि हो, आता ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त अॅडमिनला जाते. 'निघालो तर लोक काय म्हणतील' ही सबब त्यामुळे निकालात निघाली आहे.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर थोडं जपून; तिथल्या ग्रुपला सर्व्हर म्हणतात. सर्व्हरच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये 'फक्त उल्लेख' निवडावं, आणि सगळ्यांना एकदम मारलेल्या हाका दाबून टाकणारं पहिलं बटणही खुशाल चालू करावं. त्याच्याच शेजारी भूमिकेच्या नावाने, म्हणजे 'मॉडरेटर' अशा जबाबदारीच्या नावाने, येणाऱ्या हाका दाबणारं बटण आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी घाईत तेही चालू केलं की भांडण सोडवायला मॉडरेटरांना मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. मग दोन दिवसांनी कळतं, आणि ते निस्तरण्यात अख्खी संध्याकाळ जाते. एका मोठ्या ग्रुपात तीन-चार मॉडरेटर असतील तर वार वाटून घेणं हे कोणत्याही अॅपपेक्षा सरस. ज्याचा वार नाही त्याने तो सर्व्हर म्यूटच ठेवावा.

आता ज्या जागांनी स्वतःच दाराला कडी लावायची सोय केली आहे, त्यांच्याकडे वळू. हॅकर न्यूज ही २००७ पासूनची तंत्रज्ञांची साइट. तिथे खातं उघडलं की प्रोफाइलमध्ये 'नोप्रोक्रॅस्ट' नावाची एक साधी ओळ दिसते, आणि तिच्याखाली दोन आकडे: एका फेरीची कमाल मिनिटं २०, दोन फेऱ्यांमधलं अंतर १८० मिनिटं. त्या ओळीत 'हो' लिहिलं की वीस मिनिटांनी साइट बंद होते. पुढचे तीन तास आत जाऊ पाहिलं की कामाला लागा असा निरोप आणि किती मिनिटं उरली तो आकडा, बस. हिशेब करून पाहा. सोळा तासांचा जागा दिवस म्हणजे ९६० मिनिटं, एक फेरी आणि तिच्यापुढचं अंतर मिळून २०० मिनिटं. म्हणजे कितीही जीव कासावीस झाला तरी दिवसाला जास्तीत जास्त पाच फेऱ्या, शंभर मिनिटं. फोनवरचे टायमर शंभर मिनिटं देतील, पण ती साठ फेऱ्यांत उडवायची मोकळीकही देतील. फेऱ्यांमधलं अंतर ठरवणारा आकडा हाच खरा कामाचा आकडा, आणि तो इतर साइट्सवर सहसा आढळत नाही. उणीव एकच: लॉग-आउट केलं की साइट पुन्हा उघडी.

विकिपीडियावरही संपादनाचं वेड आवरायला विकिब्रेक एन्फोर्सर नावाची छोटी स्क्रिप्ट आहे. ती आपल्या सदस्यपानाखालच्या जावास्क्रिप्टच्या पानात ठेवायची, परतायची तारीख घालायची. त्याआधी लॉग-इन केलं की ती लगेच बाहेर काढते. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद केली की स्क्रिप्ट गप्प बसते, पण तेवढा खटाटोप करताना माणसाला आपण काय करतोय हे लख्ख दिसतं. सुट्टी किंवा परीक्षेच्या महिन्यासाठी चांगली, रोजच्या वापराला नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर याच्या उलट चाल आहे: सलग ३० दिवस आल्यास एक पदक, सलग १०० दिवस आल्यास दुसरं. त्या पदकाच्या मागे लागलेल्याला कोणतंही साधन पुरणार नाही. एक दिवस मुद्दाम चुकवून मोजणी तोडणं हाच त्यावरचा जालीम उपाय.

संगणकावर ग्रुप वाचणाऱ्यांनी मात्र सगळं सोडून आधी लीचब्लॉक एनजी बसवावं. ठरलेल्या साइट्स ठरलेल्या वेळी बंद ठेवणारं हे ब्राउझरचं एक्स्टेंशन, म्हणजे जोडसाधन. फायरफॉक्स, क्रोम आणि एजवर चालतं, फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. दिसायला सरकारी फॉर्मसारखं, पण त्या फॉर्मात दम आहे. साइट्सचे ३० पर्यंत वेगवेगळे संच करता येतात. एका माणसाला दोन पुरतात.

पहिल्या संचात ज्या साइट्सवर नकळत बोटं जातात त्यांची नावं एका ओळीला एक अशी लिहावीत. वेळांच्या चौकटीत साइट कधी बंद ठेवायची ते भरायचं असतं, कधी उघडायची ते नव्हे. इथे नवखा हमखास चुकतो आणि सकाळी कामाच्या वेळी सगळं उघडं पाहून साधनालाच दोष देतो. दुपारी एक ते दीड आणि रात्री आठपासून पाऊण तास अशा दोनच फेऱ्या हव्या असतील तर ०००० ते १३००, १३३० ते २०००, २०४५ ते २४०० असे तीन पट्टे लिहायचे. तास-मिनिटं चार आकड्यांत जोडून, मधे आडवी रेघ, दोन पट्ट्यांत स्वल्पविराम, आणि आकडे इंग्रजी कळफलकावरचे. शिवाय पान आधीच उघडलेलं असेल तरी वेळ होताच ते बंद करणारा पर्याय चालू करावा, नाहीतर दीड वाजण्यापूर्वी उघडलेला टॅब चारपर्यंत तसाच चालतो.

यातली सर्वांत हुशार सोय एका अधिकचिन्हात आहे. ओळीच्या सुरुवातीला + लावला की ते पान बंदीतून सुटतं. म्हणजे अख्खी साइट बंद, पण ज्या एका समुदायात खरंच काही शिकायला मिळतं त्याचा पत्ता + लावून खुला. मुखपृष्ठावरची भटकंती थांबते, नेमक्या कामासाठी जायची वाट राहते.

दुसरा संच सौम्य ठेवावा. त्यात बंदीच्या पानाऐवजी उशिराचं पान निवडायचं: साइट उघडण्याआधी साठ सेकंदांची उलटी मोजणी होते. टॅब बदलला तर मोजणी रद्द होईल असाही पर्याय आहे. तो लावलाच पाहिजे, नाहीतर ते साठ सेकंद दुसऱ्या साइटवर घालवून माणूस परत येतो. पूर्ण बंदीला मन वाटा शोधतं. साठ सेकंद कोऱ्या पानाकडे बघायला लागलं की मात्र 'जाऊ दे' म्हणून उठायला होतं, कारण निम्म्या फेऱ्यांना मुळात काही कारणच नसतं.

बिघाड होतो तो तीन ठिकाणी. खासगी खिडकीत एक्स्टेंशन आपोआप चालत नाही. ब्राउझरच्या एक्स्टेंशन यादीत जाऊन तशी परवानगी वेगळी द्यावी लागते. दुसरा ब्राउझर संगणकावर असेल तर तिथेही बसवायला हवं. आणि चिडून सेटिंगच बदलायची सवय असेल तर सेटिंगवर लांबलचक आडव्यातिडव्या अक्षरांचा कोड लावता येतो. तो दर वेळी हाताने टाइप करेपर्यंत राग उतरतो.

अंतहीन स्क्रोल हा आणखी एक खड्डा. तो २००६ मध्ये एझा रॅस्किन यांनी बनवला, आणि त्याने पानाचा तळच काढून घेतला. तळ परत मिळवायचा असेल तर जुन्या मांडणीचं रेडिट अजून चालू आहे: पत्त्यात पहिल्या तीन डब्ल्यूंच्या जागी ओल्ड हा शब्द घातला की एका पानावर २५ दुवे आणि खाली 'पुढे' असं बटण. पंचवीस संपले की हात थांबतो. बटण दाबायचं की नाही हे ठरवावं लागतं, तेवढंच पुष्कळ. त्याहून पुढे जायचं असेल तर आरएसएस वाचक वापरावा, म्हणजे साइट्सवरच्या नव्या मजकुराची यादी एका जागी आणून देणारं अॅप. रेडिटवरच्या समुदायाच्या पत्त्यामागे टिंब आणि आरएसएस जोडलं की नव्या पोस्टची यादी वाचकात येते. मतांचे आकडे नाहीत, लाल ठिपका नाही. वाचणाऱ्याला झकास. ज्याला वादात उतरायचं असतं त्याला पाणचट वाटेल, कारण उत्तर द्यायला मूळ साइटवरच जावं लागतं.

उरलेल्यांबद्दल थोडक्यात. स्क्रीन करडी करण्याने फोटो आणि व्हिडिओंचा मोह कमी होईल, पण ग्रुपातलं भांडण काळ्या-पांढऱ्यातही तितकंच रंगतं. फोन आत कोंडायचा, वेळेचं कुलूप असलेला डबा फेऱ्या शून्यावर आणतो, यात वाद नाही. पण घरी आजारी माणूस असेल किंवा ओटीपी लागणार असेल तर त्याच दिवशी तो डबा अडगळीत जातो. फोनला हात लावला नाही की पडद्यावर झाड उगवणारी अॅप्स लहान मुलांना दाखवायला छान.

सुरुवात कुठून करायची? आधी सात दिवस काहीही न बदलता फोन उचलल्यावर पहिलं काय उघडतं त्याची नोंद पाहा. आठव्या दिवशी चॅटचे सगळे ग्रुप कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, फोनवरची समुदायांची अॅप्स काढा, संगणकावर लीचब्लॉकचे दोन संच बसवा. दोन फेऱ्यांपैकी एक रात्रीची असू द्या, पण झोपण्याच्या किमान तासभर आधी. तावातावाने लिहिलेल्या उत्तराला उत्तर येईपर्यंत झोप लागत नाही. पहिले तीन-चार दिवस बोटं सवयीने रिकाम्या जागी जाऊन चिन्ह शोधतील. त्या जागी फोनवर काहीच ठेवू नका, नाहीतर नवं व्यसन तिथेच बसतं. वाद्य पेटीबाहेर काढून ठेवा, पुस्तक उघडं पालथं ठेवा, चालायचे बूट दाराशी. पंधराव्या दिवशी तीच यादी पुन्हा काढा. पहिल्या क्रमांकावर फोन किंवा घड्याळ आलं असेल तर लीचब्लॉकचा दुसरा संच काढून टाकलात तरी चालेल.