पुन्हा सुटणारा स्प्रे गोंद: गोंद अव्वल, नोझल भिकार

स्टेन्सिलची, म्हणजे आकार कापून काढलेली, शीट वस्तूवर तात्पुरती चिकटवायची आणि वरून रंग फवारायचा, त्यासाठीचा हा गोंद. डबा हलवला की आत गोंद डुचमळतो, निदान एक तृतीयांश तरी शिल्लक असावा, आणि दाबलं की नुसती फुस्स. नोझल साफ आहे, व्हॉल्व्ह मोकळा आहे, फक्त गोंद वर ढकलायला गॅस उरलेला नाही. पैसे ५०० मिलीचे, वापर सव्वातीनशेचा. तक्रार केल्यावर कंपनीचं उत्तर आलं, की प्रत्येक वापरानंतर डबा उलटा धरून नोझल मोकळी होईपर्यंत दाबा, म्हणजे असं होणार नाही. संताप याचा आला, की असं होतं ते नेमकं त्यामुळेच.

डब्यात गोंद, विद्रावक आणि द्रवरूप गॅस एकत्र असतात. सरळ धरून दाबलं की नळी तळातलं मिश्रण वर आणते. उलटं धरलं की नळीचं तोंड द्रवाबाहेर, वायूत येतं. मग नुसता वायू बाहेर पडतो आणि जाताजाता नोझल फुंकून साफ करतो. मोठाले कागद चिकटवणाऱ्याला हे परवडतं, कारण तो एका बैठकीत पाव डबा उडवतो. स्टेन्सिलचं काम तळहाताएवढ्या शीटवर चालतं. गोंद दोन सेकंद, साफसफाई तीन सेकंद. गॅस गोंदाच्या आधी संपणार नाही तर काय होणार! काही डबे तर उलटे धरले तरी गोंदच फवारतात, कारण त्यांचा व्हॉल्व्ह कुठल्याही कोनात चालावा असाच बनवलेला असतो. तिथे ही सूचना निव्वळ गोंदाची नासाडी.

उपाय फुकटचा आहे. काम झालं की नोझल सरळ वर उपसायची आणि घट्ट झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत, मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवायची. आधी त्याच गोंदाचा वाळलेला ठिपका टर्पेंटाइनमध्ये टाकून पाहा. विरघळला नाही तर डब्यावर लिहिलेला विद्रावक घ्या. व्हॉल्व्हचं तोंड फडक्याने टिपून घ्यायचं. पुढच्या वेळी नोझल झटकून बसवायची आणि पहिला दाब रद्दी कागदावर द्यायचा. टाचणी घालायची नाही: भोक किंचित जरी वाकडं झालं तरी फवारा एका बाजूला थुंकतो, आणि नोझल डब्यावर असताना टाचणी खुपसणं तर सरळ धोक्याचं. रंगाच्या कॅनची नोझल इथे बसेलच असंही नाही. काही डब्यांत दांडी व्हॉल्व्हला असते, काहींत नोझलला. सुटी नोझल सोबत का देत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक डब्यामागे पडतो.

आता गोंदाबद्दल, कारण नोझल सोडली तर तक्रारीला फार जागा नाही.

भंगारातल्या वस्तूवर सपाट जागा सापडत नाही. पत्र्याच्या पेटीला पोचे असतात, जुन्या खिडकीच्या फळीला पीळ पडलेला असतो, बंद पडलेल्या फ्रिजचं दार मधे फुगीर असतं. मास्किंग टेप शीटच्या चार कडा धरते, पण मधले पूल (कापलेल्या भागांमधे शीट जोडून धरायला सोडलेल्या पट्ट्या) आणि आत आलेल्या जिभा हवेतच राहतात. पूल आणि पृष्ठभाग यांच्यात मिलिमीटरभर फट राहिली तरी फवारा खाली शिरतो आणि रेघ धुरकट होते. हा गोंद प्रत्येक जीभ खाली बसवतो. चांगल्या एनॅमलच्या पृष्ठभागावर एकदा लावलेला गोंद शीट सातआठ वेळा उचलून ठेवेपर्यंत टिकतो. गंजावर एकदाच, कारण गंजाची भुकटी गोंदाला चिकटून वर येते आणि पकड तिथेच संपते.

वापराची पद्धत लेबलवर अर्धीच दिलेली असते. गोंद शीटच्या मागे लावायचा, वस्तूवर कधीच नाही. अंतर १५ ते २० सेंटिमीटर, एकच हलका हात, दुसरा नको. मग थांबायचं. बोट टेकवल्यावर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला काही लागता कामा नये. कोरड्या हवेत याला मिनिट दीड मिनिट पुरतं, दमट हवेत तीनचार लागतात. ओला असताना शीट ठेवली तर हा पुन्हा सुटणारा गोंद उरत नाही, साधा गोंद होतो. लागोपाठ फवारल्यावर डबा हाताला थंडगार लागला तर थांबावं. गॅस उकळताना उष्णता शोषतो, डबा गार पडला की दाब उतरतो आणि बारीक तुषारांऐवजी गोळे पडतात. कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा ठेवला की पुन्हा ताळ्यावर येतो. कोमटच, ५० अंशांच्या वरची सूचना डब्यावर उगाच छापलेली नसते.

एक गोष्ट कुठल्याच लेबलवर नसते. नोझल थोडी तुंबलेली असली की गोंद तुषारांऐवजी तंतूंमध्ये येतो, आणि हे तंतू शीटच्या बारीक खाचांवर आडवे ताणून बसतात. दीडदोन मिलिमीटरच्या खाचेत ते डोळ्यांना दिसत नाहीत. वरून रंगाचा हात गेला की रंग तंतूवर बसतो, आणि शीट उचलल्यावर काळ्या पापणीच्या मधून केसाएवढी पांढरी रेघ गेलेली दिसते. कटरला किंवा रंगाला दोष देण्याआधी गोंद लावलेली शीट उजेडासमोर तिरकी धरून पाहावी. तंतू चमकतात. ११ नंबरच्या पात्याच्या टोकाने उचलून घेतले की झालं.

इथवरचं मत पहिल्या डब्याचं. तेव्हा गोंदाचा एक मोठा अवगुण नोंदवला होता: वस्तूवर चिकटा राहतो. दुसऱ्या डब्यावर ते मत बदललं, कारण दोष अर्धा शीटचा निघाला. मायलर (पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मच्या) शीटची एक बाजू बऱ्याचदा मॅट असते आणि दुसरी चकचकीत. गोंद खरखरीत बाजूला जास्त घट्ट धरतो. चकचकीत बाजूवर मारून शीट कच्च्या लाकडावर ठेवली तर लाकूड जास्त खरखरीत ठरतं आणि गोंद तिकडे राहतो. मॅट बाजूवर मारला तर तो शीटबरोबर उठतो. कापतानाच उलटसुलट ठरवायला हवं, मॅट बाजू खाली येईल अशी. नाहीतर अक्षरं उलटी होतात. शीट दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर मागची बाजू ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासावी.

तरीही चिकटा राहिलाच तर टर्पेंटाइनचं फडकं लगेच फिरवू नये, ताजा एनॅमल त्याने मऊ पडतो. आधी मास्किंग टेपचा चिकट तुकडा थपथप मारून गोंद उचलायचा, मग पांढऱ्या खोडरबरने वळकटी करून काढायचा. रंग पूर्ण मुरल्यावर, आठवड्याभराने, उरलेलं लायटरच्या इंधनात भिजवलेल्या कापसाने पुसता येतं. ते पटकन उडतं आणि रंगाला टर्पेंटाइनपेक्षा कमी त्रास देतं. अर्थात खिडकी उघडी आणि आसपास ज्योत नाही, हे आलंच.

गोंद कितीही चांगला असला तरी तो खालच्या पृष्ठभागाइतकाच चांगला. शीट उचलताना जुन्या रंगाचे पोपडे सोबत आले तर शिव्या गोंदाला बसतात. म्हणून आधी टेपची परीक्षा: मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढायची. टेपला रंग लागला तर खरवडून प्रायमर मारणं आलं. जुन्या दारं-खिडक्यांच्या थरांत शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासू नये, पॉलिश पेपर ओला करूनच. गंजलेला पत्रा तारेच्या ब्रशने झाडून त्यावर टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडचं गंजरोधक द्यावं. उरलेला गंज काळा पडून धरून राहतो. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीवर किंवा पत्र्यावर तेलाचा एनॅमल थेट मारू नये. जस्त आणि रंगातलं तेल यांचा साबण होतो आणि काही महिन्यांनी सगळं चित्र पापुद्र्यासारखं निघतं. तिथे जस्ताला चालणारा ॲक्रिलिक प्रायमर हवा. फर्निचरला सिलिकॉनचं पॉलिश लावलेलं असलं तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडतात. साबणाने धुऊन मग विद्रावकाने पुसल्याशिवाय सुटका नाही. त्रिकोणात ५ किंवा २ आकडा असलेल्या प्लॅस्टिकवर गोंद नीट बसत नाही आणि साधा रंगही टिकत नाही. खास प्रायमर नसेल तर ती वस्तू भंगारातच राहू द्यावी.

रंगाच्या हातांबद्दल थोडक्यात: २० ते २५ सेंटिमीटर, कॅन पृष्ठभागाशी काटकोनात, तीनचार कोरडे हात. तिरका फवारा गोंद असूनही पुलाखाली घुसतो. शेवटच्या हाताची ओली चमक गेली की शीट उचलायची, पूर्ण वाळू द्यायची नाही, नाहीतर कडेची साय फाटते. उचलताना शीट स्वतःवर दुमडत, पुलांच्या लांबीच्या दिशेने ओढायची. आडवी ओढली की पूल तुटतात.

पुलांवरूनच देवनागरीकडे येतो, कारण गोंदाची खरी कसोटी तिथे लागते. रोमन स्टेन्सिल अक्षरांचे तयार नमुने भरपूर मिळतात, आपल्या लिपीचे हाताच्या बोटांवर. शिरोरेखा सलग कापली तर तीस सेंटिमीटरच्या शब्दाला तीस सेंटिमीटरची चीर पडते आणि खालची सगळी अक्षरं झालरीसारखी लोंबू लागतात. गोंद त्यांना धरतो, पण शीट ठेवताना एक जीभ जरी वाकडी बसली तरी शब्द डुलतो. शिरोरेखा प्रत्येक अक्षरानंतर तोडावी, किमान ३ मिलिमीटरचा पूल ठेवून. व, ब, क, प, म यांच्या पोटातल्या बेटांना (चारी बाजूंनी कापल्यामुळे सुट्या पडणाऱ्या तुकड्यांना) प्रत्येकी दोन पूल द्यावेत, एकच दिला तर बेट त्याभोवती फिरतं. ब च्या पोटातली तिरकी रेघ हाच आयता छेद समजून तिच्या दोन्ही टोकांना पूल काढता येतात. मात्रा आणि अनुस्वार शिरोरेखेपासून सुटे ठेवायचे. अनुस्वाराचा ठिपका कापण्यापेक्षा चामड्याच्या पंचने पाडलेला नेहमीच जास्त गोल येतो.

पूल नकोच असतील तर जपानी कातागामीची (कापडावर नक्षी उठवायच्या कागदी स्टेन्सिलची) युक्ती आहे: तिथे कापलेल्या कागदावर रेशमाची जाळी चिकटवून बेटं जागच्या जागी धरतात. मायलरवर बारीक नायलॉन जाळीने तेच करता येतं, पण मग हा स्प्रे गोंद विसरा. तो जाळीची भोकं बुजवतो. आणि पूल लपवायलाच हवेत असंही नाही. फ्रेंच चित्रकार सी२१५ टपालपेट्यांवर चेहरे करतो, त्यांत पुलांच्या रेघाच सुरकुत्यांचं आणि केसांचं काम करतात.

शीटची जाडी गोंदाच्या कुवतीत हवी. सपाट दारावर, फळीवर १९० मायक्रॉन उत्तम. बाटलीच्या किंवा डब्याच्या गोलाईवर तीच शीट टोकांनी उचलते, कारण सरळ व्हायची तिची ओढ गोंदापेक्षा जास्त असते. तिथे १२५ किंवा १०० घ्यावी. २५० मायक्रॉन कापताना मनगट दुखतं आणि फायदा काही दिसत नाही. काटकसरवाल्यांसाठी जुन्या एक्स-रे फिल्म आहेत. त्यांचा पॉलिएस्टरचा पाया साधारण १७५ मायक्रॉन असतो, म्हणजे महागड्या शीटच्या तोडीचा. जुन्या ओल्या पद्धतीने धुतलेल्या फिल्मवरचा काळा थर ब्लीचमध्ये सुटतो. हातमोजे घालावेत, ब्लीचमध्ये ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळू नये, आणि त्या गाळात चांदी असते म्हणून तो मोरीत ओतू नये. नव्या, कोरड्या प्रिंटच्या फिल्मवर ब्लीच चालत नाही. त्या काळ्याच वापराव्यात. रुग्णाच्या नावाची पट्टी आधी कापून टाकावी.

गोंद लावलेल्या शीट एकावर एक ठेवल्या की कायमच्या सोयरिका जमतात. स्टिकर काढल्यावर उरणारा गुळगुळीत कागद जपून ठेवावा आणि मधे घालावा. फवारताना मोठा खोका आडवा ठेवून त्यात फवारावं, नाहीतर जमिनीवर पडलेल्या तुषारांवर चपला चिकटतात. कापडी मास्क वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज बसवलेला मास्क लागतो.

पुन्हा घेणार का? घेणार, पण ५०० मिलीचा नाही. लहान डबा दर मिलीला महाग पडतो, पण नोझल बिघडली तर नुकसान तेवढंच. आणि सगळ्या कामाला तो वापरायचीही गरज नाही. ब्रशने लावायचा, पुन्हा सुटणारा गोंद बाटलीत मिळतो. त्यात गॅस नाही, नोझल नाही, शेवटचा थेंबही निघतो. चपट्या मऊ ब्रशने पातळ थर द्यायचा, दुधाळ रंग जाऊन पारदर्शक झाला की शीट ठेवायची. लाकूड आणि पत्रा यांना तो पुरतो. काचेवर मात्र ब्रशच्या रेघा शीटखाली नळ्यांसारख्या राहतात आणि रंग त्यांतून आत ओढला जातो, त्यामुळे काचेपुरता स्प्रेच.