डीएसए: चित्र सर्वांत स्पष्ट, पण नळी धमनीत घालावी लागते

मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवण्यात डीएसएची (डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी: धमनीत डाय सोडून काढलेल्या एक्स-रेमधून हाडं वगैरे वजा करून उरणारं रक्तवाहिन्यांचं चित्र) बरोबरी सीटी किंवा एमआर अँजिओला अजून साधलेली नाही. डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, कोणत्या फांदीत शिरला, कुठे रेंगाळला, शिरांमध्ये कधी उतरला, सगळं क्रमानं दिसतं. धमनीच्या भिंतीला आलेला ३ मिलिमीटरहून लहान फुगा (अ‍ॅन्युरिझम) सीटी अँजिओत निसटू शकतो, इथे सहसा सापडतो. १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ या डॉक्टरांनी मेंदूची अँजिओग्राफी सुरू केली (डिजिटल तंत्र पुष्कळ नंतर आलं), तेव्हा डाय थेट मानेच्या धमनीत टोचत. आता जांघेतून किंवा मनगटातून साधारण दीड मिलिमीटर जाडीची नळी वर नेतात.

भीती असते ती पक्षाघाताची. कायमचा दोष राहण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे, पण कारणं माहीत हवीत: नळीत गोठलेलं रक्त, महाधमनीच्या कमानीवरून सुटलेला चरबीचा कण, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा. त्यामुळे टीम कशी आहे हे यंत्रापेक्षा तिच्या सवयींवरून कळतं. नळीतून हेपरिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) सलाइन सतत चालू हवं, वाट दाखवणारी तार पुढे ठेवूनच नळी सरकायला हवी आणि डाय सोडण्याआधी रक्त मागे ओढून बुडबुडा तपासायला हवा. वय जास्त आणि धमन्या कडक असतील तर नळी फिरवण्यात वेळ जातो, धोकाही वाढतो.

प्रत्यक्षात जास्त त्रास देते ती टोचलेली जागा. जांघेत १० ते २० मिनिटं हातानं दाब आणि नंतर काही तास पाय सरळ, हे कंटाळवाणं असलं तरी टाळू नये. टोचणी फार वर गेली तर दाबायला मागे हाड मिळत नाही आणि रक्त पोटामागे साचतं. बाहेर सूज नसते. कंबर दुखते, रक्तदाब उतरतो. हे सर्वांत फसवं. मनगटातून रक्तस्राव कमी, पण धमनी आखडते, कधी बंदही पडते.

डायमध्ये आयोडीन असतं. आधी डायची रिअ‍ॅक्शन आली असेल तर ते नक्की सांगावं. कोळंबीची अ‍ॅलर्जी म्हणजे डायची अ‍ॅलर्जी, हा मात्र जुना गैरसमज. ईजीएफआर (मूत्रपिंडं किती गाळतात याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी थांबवतात आणि ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून पुन्हा सुरू करतात. क्वचित डायमुळे तात्पुरतं दिसेनासं होतं. बहुधा काही तासांत किंवा दिवसांत दृष्टी परतते.

माहीत असलेल्या फुग्यावर नुसती नजर ठेवायची तर बहुतेकदा डायशिवायची एमआर अँजिओ पुरते. मेंदूभोवती रक्तस्राव आहे आणि सीटी अँजिओत काहीच सापडत नाही, तेव्हा मात्र डीएसए लांबवू नये.