यूट्यूब, फेलोशिप की अनुदान? सीमाभागातल्या मराठी डिजिटल निर्मात्याने अर्ज कुठे करावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मोबाइल आणि एक माइक घेऊन मनापासून काम करणारी बरीच मराठी मुलं-मुली आहेत. कुणी वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मागांवर व्हिडिओ करतं, कुणी कडोली-उचगावच्या साहित्य संमेलनांतली भाषणं रेकॉर्ड करून ठेवतं, कुणी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाड्यांचे प्रश्न मांडतं. पहिलं वर्ष उत्साहात जातं. मग हार्डडिस्क, प्रवास, एडिटिंग यांचा खर्च घरच्यांच्या डोळ्यांवर येऊ लागतो आणि पैशाची सोय शोधावी लागते.

अर्ज मागवणाऱ्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर सतत येत असतात आणि त्यांत रक्कम सगळ्यात मोठ्या अक्षरांत असते. माझं मत असं की रक्कम शेवटी बघावी. आधी तीन गोष्टी तपासाव्यात: अर्ज कोणत्या भाषेत चालतो, रहिवासाचा कोणता पुरावा लागतो, आणि काम पूर्ण झाल्यावर हक्क कोणाकडे राहतात. आपण राहतो कर्नाटकात, लिहितो-बोलतो मराठीत. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या निर्मात्याला जे प्रश्न कधी पडतही नाहीत, तिथेच आपला अर्ज अडकतो.

यूट्यूबची कमाई आणि फेलोशिपचा महिना

यूट्यूबचा फायदा हा की तिथे कुणाची शिफारस लागत नाही. जाहिरातींतला वाटा मिळण्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि गेल्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम हवा, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यूज. 500 सबस्क्रायबर आणि 3,000 तासांवर मेंबरशिप, सुपर थँक्स अशा सोयी सुरू होतात, पण जाहिरातींचा वाटा नाही. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतून निर्मात्याला 55 टक्के मिळतात, शॉर्ट्सच्या हिश्श्यातून 45 टक्के. खात्यात 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. सुरुवातीच्या चॅनेलला एवढं जमायला कित्येक महिने लागू शकतात, हे धरूनच चालावं.

पैसे सुरू होण्याआधी अमेरिकी कराचा फॉर्म, डब्ल्यू-8बीईएन, भरून ठेवा आणि त्यात भारत-अमेरिका कराराचा लाभ मागा. फॉर्म भरला तर कपात फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर होते, तीही करारातल्या 15 टक्क्यांनी. फॉर्म न भरणाऱ्याच्या जगभरातल्या एकूण कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कात्री लागू शकते. अमेरिकेत स्थायिक झालेली बेळगावची मंडळी आपलं गाव आवर्जून बघतात, म्हणून हा मुद्दा आपल्यासाठी कागदोपत्री राहत नाही.

फेलोशिपचं गणित वेगळं. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या फेलोशिप सीसीआरटी (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) या संस्थेमार्फत दिल्या जातात. ज्युनिअर फेलोशिप 25 ते 40 वयासाठी, महिना 10,000 रुपये. सीनिअर 40 च्या पुढच्यांसाठी, महिना 20,000 रुपये. दोन्ही दोन वर्षांच्या. 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी महिना 5,000 रुपयांची वेगळी शिष्यवृत्ती आहे. व्ह्यूज कितीही कमी असले तरी हे पैसे थांबत नाहीत. पण हे पैसे संस्कृतीवरच्या अभ्यासाचे आहेत, चॅनेल चालवण्याचे नाहीत. ‘मला लोककलांवर व्हिडिओ मालिका करायची आहे’ एवढं लिहिलं तर अर्ज बाजूला पडेल. ‘सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर येणाऱ्या जोगत्यांच्या गाण्यांत मराठी आणि कन्नड कशी एकत्र येते, चौंडकं आणि तुणतुण्यावर ती कशी गायली जातात, याचा ध्वनिचित्र संग्रह’ असं लिहिलंत, तर तो अभ्यास होतो आणि यूट्यूबवर टाकायला सामग्रीही हातात राहते. अर्जाची भाषा मात्र हिंदी-इंग्रजी, आणि निकालाला वेळ लागतो. ज्याला येत्या महिन्याचं भाडं भरायचंय, त्याने यावर विसंबू नये.

बेंगळुरूचं दार

माझ्या मते सीमाभागातल्या मराठी माणसाने सगळ्यात आधी ठोठावावं असं दार बेंगळुरूत आहे: इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. 1993 साली स्थापन झालेली ही स्वतंत्र संस्था 1995 पासून कलाप्रयोग, कलासंशोधन आणि कलाशिक्षण यांसाठी अनुदानं देते. प्रस्ताव कोणत्याही भारतीय भाषेत पाठवता येतो, म्हणजे मराठीतही. ही सवलत लहान समजू नका. इंग्रजीत लिहिताना आपला विषय पातळ होतो, उसन्या शब्दांचा होतो. मागावरच्या बाईचं बोलणं ऐकून आलेला माणूस ते मराठीतच नीट मांडू शकतो, आणि प्रस्तावात तोच नेमकेपणा दिसायला हवा.

दुसरं असं की आपल्या भागाची दोन भाषांची घडण तिथे अर्जाची ताकद ठरते. इथल्या बाजारात, शेतात, देवळात मराठी-कन्नड एकाच वाक्यात येतात. राजकारणात ही गोष्ट वादाची असेल. संशोधनाच्या प्रस्तावात ती सोन्यासारखी आहे. खानापूरच्या कुंभारकामावर काम करायचं असेल, निपाणीच्या तंबाखू-विडी कामगारांच्या आठवणी जमवायच्या असतील, तर दोन्ही भाषा येणारा माणूस पुण्याहून आलेल्या अभ्यासकाच्या पुढे असतो. हे प्रस्तावात संकोच न करता लिहा.

याच संस्थेचा ‘कलि-कलिसु’ हा कलाशिक्षण कार्यक्रम कर्नाटकातल्या सरकारी शाळांसाठी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सरकारी मराठी शाळा या कर्नाटकाच्याच सरकारी शाळा आहेत. तिथे शिकवणाऱ्या आणि मुलांकडून गावातली गाणी, म्हणी, खेळ रेकॉर्ड करून घेणाऱ्या शिक्षकांनी हा पर्याय बघायलाच हवा. ‘प्रोजेक्ट 560’ मात्र बेंगळुरू शहरापुरता आहे. त्यात वेळ घालवू नका.

सीसीआरटी आणि ही संस्था यांत निवड करायची तर: एकट्याने, दोन वर्षं, पारंपरिक कलेवर मुरून काम करायचं असेल तर सीसीआरटी. विषय नवा आहे, मांडणी वेगळी आहे, लिहिणं मराठीतच जमतं, तर बेंगळुरू.

दोन राज्यांच्या मधे

महाराष्ट्र शासनाच्या योजना आपल्याला जवळच्या वाटतात, आणि भाषेपुरत्या त्या आहेतही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं; ऑनलाइन कथा-ललित लिहिणाऱ्यांना त्याचा विचार करता येतो. मराठी चित्रपटांसाठीचं दर्जानुसार अनुदान सेन्सॉर प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटांसाठी आहे, यूट्यूबवरच्या मालिकेसाठी नाही. खरी अडचण रहिवासाची. महाराष्ट्राचा अधिवास दाखला साधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्यावर मिळतो. सीमावादात महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांच्या रहिवाशांना काही प्रवेश आणि नोकऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, 2023 मध्ये आरोग्य योजनाही या गावांना लागू करण्याचा निर्णय झाला. यावरून प्रत्येक योजना आपल्याला लागू आहे असं धरून चालू नये. जाहिरातीत ‘सीमाभाग’ किंवा ‘865 गावे’ हे शब्द आहेत का ते शोधा. नसतील तर अर्ज भरण्याआधी लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कर्नाटकाच्या बाजूला रहिवासाचा पुरावा आपल्याकडे असतोच. आधार, रेशनकार्ड, सगळं इथलं. तिथे अडतं ते भाषेवर. राज्याच्या चित्रपट आणि संस्कृती योजना मुख्यतः कन्नडसाठी, सोबत तुळू, कोडव, कोंकणीसारख्या भाषांसाठी आखलेल्या असतात, आणि कार्यालयाशी व्यवहार कन्नडमधून करावा लागतो. कन्नड लिहिणारा मित्र सोबत असेल आणि काम दोन्ही भाषांतलं असेल, तरच इथे शक्ती खर्चावी.

परदेशी निधी: बातमी करणाऱ्यांनी थांबावं

परदेशी संस्थांची अनुदानं रकमेने मोठी असतात. ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड आणि अमेरिकेतला सनडान्सचा माहितीपट निधी ही नावं माहितीपट करणाऱ्यांच्या कानावर असतात. अर्थ जर्नलिझम नेटवर्क पर्यावरणाच्या बातम्यांसाठी लहान अनुदानं देतं. कळसा-भांडुरा किंवा भीमगडच्या जंगलावर लिहिणाऱ्याला मोह होणारच.

इथे कायदा आधी बघावा लागतो. विदेशी योगदान विनियमन कायदा, 2010 च्या कलम 3 नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक आणि मालक यांना परदेशी देणगी घेता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था-कंपन्या आणि त्यांचे वार्ताहर, संपादक, मालक यांनाही बंदी आहे. केलेल्या कामाचं नेहमीच्या व्यवहारातलं मानधन वेगळं धरलं जातं. यूट्यूबकडून येणारा वाटा हा व्यवसायातला मोबदला आहे. पण ‘ग्रँट’ म्हणून आलेली रक्कम आणि गावच्या बातम्यांचं चॅनेल, ही जोडी जोखमीची आहे. बातमीचं काम करत असाल तर सनदी लेखापालाला करारपत्र दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. संस्था काढून या कायद्याखाली नोंदणी घेऊ म्हणाल, तर तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाखांचा खर्च अशी अट आहे.

ग्रामीण भागावर सखोल काम करणाऱ्याला देशातच चांगली जागा आहे. पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेला ‘पारी’ हा ग्रामीण भारताचा संग्रह लेख, छायाचित्रं, चित्रफिती स्वीकारतो आणि मराठीतही प्रकाशित करतो. पैशाच्या हिशेबात तो परदेशी निधीच्या जवळ जात नाही, पण तिथे छापून आलेलं एक काम पुढच्या प्रत्येक अर्जात तुमच्या बाजूने बोलतं.

महोत्सव आणि स्पर्धा

गोवा आपल्यापासून चोर्ला घाटाने दोन-तीन तासांवर आहे, हा भूगोलाचा फायदा कुणी फारसा घेत नाही. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून तिथे भरतो. त्यातला ‘क्रिएटिव्ह माइंड्स ऑफ टुमॉरो’ हा उपक्रम 2021 मध्ये 75 तरुणांपासून सुरू झाला, 2024 मध्ये 100 जणांपर्यंत गेला; वयाची मर्यादा 35. निवड झालेल्यांना 48 तासांत लघुपट करण्याची स्पर्धा आणि चित्रपट क्षेत्रातल्या लोकांची गाठ मिळते. रोख रकमेपेक्षा या ओळखी मोलाच्या. त्याच काळात भरणाऱ्या फिल्म बाजारला (2025 पासून ‘वेव्ह्ज फिल्म बाजार’), जिथे चित्रपट प्रकल्पांना निर्माते आणि खरेदीदार शोधता येतात, नोंदणी शुल्क आहे. हातात तयार प्रकल्प असेल तरच जा. माहितीपट आणि लघुपटांसाठी मुंबईचा मिफ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव 1990 पासून आहे.

मार्च 2025 मध्ये केंद्राने डिजिटल निर्मात्यांसाठी 1 अब्ज डॉलरच्या निधीची घोषणा केली. घोषणेच्या भरवशावर कॅमेऱ्याचं कर्ज काढू नका.

खाजगी कंपन्यांच्या रील-स्पर्धा या सगळ्यांत मला सर्वांत कमी पटतात. बक्षीस एकाला, आणि आलेल्या प्रत्येक व्हिडिओवर कायमचा हक्क आयोजकाला, अशी अट बारीक अक्षरांत असू शकते. स्वामित्वहक्क कायदा, 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द अटींत शोधा. ते दिसले तर आजीच्या ओव्या, गावची गाणी, मुलाखती असलं काही तिथे पाठवू नका. ते हक्क एकट्या तुमचेही नसतात. दुकानदाराने जाहिरातीसाठी दिलेला फोन तुम्ही ठेवून घेतला, तर वर्षाला 20,000 रुपयांवरच्या अशा लाभांवर 1 जुलै 2022 पासून 10 टक्के टीडीएस लागू शकतो. बेळगावच्या सराफाचं किंवा क्लासवाल्यांचं प्रायोजकत्व घेताना हे पहिल्या भेटीतच बोलून घ्या, आणि व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहा.