उंदरांचं ताट आणि मावशीची भाकरी

केमो सुरू झाल्यावर जळगावच्या मावशीनं कळण्याची भाकरी सोडली. 'पिठानं गाठ वाढते' असं कुणीतरी सांगितलं म्हणे. पण ज्या प्रयोगावरून हे म्हणतात, तो उंदरांवरचा. 2011 साली कॅनडातल्या संशोधकांनी एका गटाला 55 टक्के कर्बोदकांचा (पीठ, साखर यांत असतात ती) आहार दिला, दुसऱ्याला 15 टक्के कर्बोदकं नि भरपूर प्रथिनं. दुसऱ्या गटात साखर, इन्सुलिन कमी राहिलं, गाठी हळू वाढल्या. स्तनाच्या कर्करोगाचा जन्मजात धोका असलेल्या उंदरांत वर्षभरात पहिल्या गटातल्या जवळपास निम्म्यांना कर्करोग झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. उंदरांसाठी दुसरं ताट सरसच.

मावशीचं मात्र वजन घटतंय, ब्लाऊज खांद्यावरून उतरतोय. तिच्यासाठी मी भाकरीच निवडेन. डॉक्टरांना विचारून काल भरिताबरोबर चतकोर वाढली. तिनं चाटूनपुसून खाल्ली.