जोत्याखालच्या खोलीचा लाकडी जिना: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये घरीच केलेला जिना उभा राहिला, पावसाळा काढला, आता ऑक्टोबर संपत आलाय. लाकडाबद्दल तक्रार नाही, मापाबद्दल तर अजिबातच नाही, पण स्क्रूंनी इतका वैताग दिलाय की हे लिहायला बसलो ते मुळात त्यासाठीच.

आमचं घर आंजर्ल्याकडे, उतारावर. त्यामुळे मागच्या अंगाला जोत्याखाली एक खोली निघते, तांदूळ, नारळ, आमसुलं, आंब्याच्या पेट्या सगळं तिथं. पूर्वी बाहेरून वळसा घालून जावं लागायचं. आतून जिना करायचा तर लोखंडी करा असं जो तो सांगत होता, पण खाडीच्या वाऱ्यात सारखा रंग काढत कोण बसणार, आणि लाकूड घरात पडलेलंच होतं. बाजूच्या दोन तिरक्या फळ्या आणि पायऱ्यांखालच्या पट्ट्या जुन्या घराच्या ऐनाच्या तुळया चिरून काढल्या. पायऱ्या फणसाच्या, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आडवा झालेला फणस तेव्हाच चिरून पडवीत मध्ये काठ्या घालून रचून ठेवला होता. म्हणजे लाकडाचा खर्च फक्त चिरण्याची मजुरी.

उंची २१० सेंमी, त्यात १२ चढ, म्हणजे एक साडेसतराचा, आणि पाय ठेवायला २५. राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याला चढ १९ च्या वर नको आणि पायरी २५ च्या खाली नको असं आहे, आणि दोन चढ अधिक एक पायरी साधारण ६० ते ६३ सेंमी आली की चाल मोडत नाही. हे माप ज्यांना फालतू वाटतं त्यांनी आमच्या आईला विचारावं, माळ्याच्या जिन्यावरून ती आयुष्यभर पाठमोरी उतरली, इथे मात्र हातात टोपलं घेऊन सरळ उतरते.

आता स्क्रू. जुलैत पट्ट्यांवर प्रत्येक स्क्रूभोवती काळे डाग दिसायला लागले. मला वाटलं बुरशी, कारण जवसाचं तेल दिलं होतं आणि दमटपणात त्यावर बुरशी धरते. ब्लीच लावून पुसलं, डाग जागचा हलला नाही. मग एक स्क्रू उलटा फिरवून काढला. डोकं चकाचक, पण पट्टी आणि फळी जिथं एकमेकांना टेकतात तिथं मान खाल्लेली, नखाने खरवडलं तर तांबडा भुगा, आणि भोकाच्या कडेनं ऐन निळंकाळं. ती शाईच आहे. हिरडा आणि लोखंड घालून पूर्वी शाई करायचे, ऐन हा हिरड्याच्याच कुळातला, टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरपूर, ओल आली आणि लोखंड भेटलं की तेच होणार.

पण मी तर स्टेनलेसचे स्क्रू मागितले होते आणि पैसेही तेवढेच मोजले होते! पुडीवर नुसतं एसएस लिहिलेलं. लोहचुंबक लावलं तर टपकन चिकटला. म्हणजे बहुतेक ४१० ग्रेड (स्टेनलेसच्या प्रकारांना असे नंबर असतात), त्यात क्रोमियम साधारण १२ टक्के आणि निकेल जवळजवळ नाहीच. पत्र्यात स्वतःच भोक पाडत जाणाऱ्या स्क्रूंना कडकपणा लागतो म्हणून तो ग्रेड वापरतात, खाऱ्या हवेत तो गंजतो. दुकानदार म्हणाला, "शेठ, स्टेनलेसच आहे तो." त्याचं म्हणणं खरंय, आणि संताप येतो तो यासाठीच, कारण समुद्रापासून इतक्या जवळ दुकान असून ग्रेड विचारल्यावर त्याला सांगता येत नाही. पैसे परत नाहीत, बदलूनही नाही.

कोणी म्हणेल स्क्रूच तर आहे. अहो, पायरी पट्टीवर आणि पट्टी स्क्रूवर, पोत्यासकट माणूस त्या चार-पाच मिमीच्या मानेवर उभा असतो!

मग ३१६ ग्रेडचे स्क्रू मागवले. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, त्यामुळे तो खाऱ्या हवेत जास्त टिकतो. महाग आहेत, मी पैशाला जपणारा माणूस, पण लाकूड फुकट पडलं तिथं इथं हात आखडणं मला पटलं नाही. चुंबकाने ४१० सारखा ग्रेड साधारण ओळखता येतो, ३०४ आणि ३१६ मधला फरक नाही कळत, त्यासाठी खोक्यावर ए२ म्हणजे ३०४ आणि ए४ म्हणजे ३१६ हे बघायचं. हे स्क्रू मऊ असतात, ऐनात आधी भोक न पाडता घुसवले तर डोकं तुटतं. जुन्या भोकात एक नंबर जाड घेतला, आट्यांना मेण लावलं, घट्ट बसले.

पायऱ्यांची समोरची बाजू फळीने बंद करायची होती, पैसे वाचवायचे म्हणून राहिली, आता करणारच नाही. उघडी असल्याने खालून हवा खेळते, भर श्रावणात पायऱ्यांच्या पोटाला बुरशीचा ठिपका नव्हता. प्रत्येक पायरी दोन फळ्यांची, मध्ये ५ मिमीची फट, ती पावसात फुगून निम्मी झाली आणि आता परत उघडतेय. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे फट न ठेवता दामटून बसवलं तर फळी कमान धरते. तिरक्या फळ्यांचे पाय जांभ्याच्या जमिनीवर थेट नाही टेकवले, जांभा पाणी ओढतो, खाली कडप्प्याचे तुकडे घातले आणि पायांना काजूच्या टरफलाचं तेल दिलं. हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते. वाळवी अजून तरी फिरकलेली नाही.

डागांवर ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात कालवून लावलं, रंगाच्या दुकानात मिळतं, बरेच फिके झाले. खालच्या तीन पायऱ्यांचे स्क्रू बदलायचे राहिलेत, खोकं आणून ठेवलंय, दिवाळीच्या सुट्टीत भाऊ आला की तेवढे उरकतो.