बिलावर ‘नवाहो’ लिहून मागा

आय-४० महामार्गावरून ॲरिझोनातून न्यू मेक्सिकोकडे निघालं की भडक बोर्ड दिसायला लागतात: इंडियन (म्हणजे इथल्या मूळ अमेरिकनांची) ज्वेलरी, हातमागाचे रग, ७०% सूट. बारा महिने तीच सूट. भारतातून सासू-सासरे आले की फिनिक्सची बरीच मराठी कुटुंबं याच रस्त्याने सँटा फेला जातात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्हाला अशा एका दुकानात ७१० डॉलरचा चुना लागला. दुकानाचं नाव देत नाही. एकाचं दिलं तर बाकीची साळसूद ठरतील.

दुकानदार गोडबोल्या आणि माहितगार. नवाहो ही इथली एक मूळ अमेरिकन जमात. त्यांच्या पुराणकथेतल्या स्पायडर वुमनने नवाहो बायकांना विणकाम शिकवल्याची कथा त्याने सांगितली. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांना घरादारातून हुसकून शेकडो मैल चालवत नेलं आणि १८६८ च्या तहानंतर ते परतले, हेही सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. सासरे तर खुर्ची ओढून ऐकत बसले. मग त्याने रग उलगडला: लाल, काळा, राखाडी, मध्ये मोठी चौकोनी नक्षी. ‘हा गनाडोचा,’ म्हणजे ॲरिझोनातल्या त्या नावाच्या नवाहो गावचा. किंमत १९०० खोडून ५७०. कडेच्या चौकटीतून एक बारीक रेघ बाहेर गेली होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, ‘ही स्पिरिट लाइन. विणणारीचं मन रगात अडकून राहू नये म्हणून ठेवलेली वाट. ही दिसली की अस्सल समजा.’

सासूबाई नाशिकच्या, येवल्याच्या पैठण्या पारखण्यात मुरलेल्या. त्यांनी रग उलटा करून पाहिला. “दोन्हीकडून सारखाच आहे गं. हातमागाचाच.” त्यांचं बरोबरच होतं, तो हातमागाचाच होता. पण पदराची मागची बाजू पाहून पकडला जातो तो यंत्रमागाचा माल. इथली नक्कलही हातानेच विणलेली असते, त्यामुळे ती परीक्षा ती आरामात पास होते. मेक्सिकोत ओहाकाजवळ तेओतित्लान देल वाये नावाचं गाव आहे. तिथले झापोतेक विणकर पिढ्यान्‌पिढ्या उत्तम रग विणतात, त्यात नवाहो नक्षीचेही असतात. आपल्या भारतातूनही या नक्षीचे रग अमेरिकेत येतात. विणणाऱ्यांना यात दोष द्यायचं कारण नाही. लबाडी होते ती मधल्या गल्ल्यावर.

सँटा फेहून परतताना आम्ही वाट वाकडी करून गनाडोला गेलो. तिथलं हबेल ट्रेडिंग पोस्ट बघण्यासारखं आहे. लोरेन्झो हबेल नावाच्या व्यापाऱ्याने १८७८ मध्ये ते घेतलं. गनाडोच्या त्या प्रसिद्ध लाल रगांना बाजार मिळवून देण्यात त्याचा मोठा हात. आता ते राष्ट्रीय स्मारक आहे आणि दुकान अजून चालू आहे. तिथे मागावर बसलेल्या एका नवाहो बाईंना आम्ही कौतुकाने गाडीतला रग दाखवला. त्यांनी नक्षीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ दोन्ही टोकं चाचपली आणि नकारार्थी मान हलवली.

टोकांचं प्रकरण असं आहे. नवाहो माग उभा असतो. त्यावरचा ताणा एकच सलग धागा असतो, वरच्या-खालच्या दांड्यांवर इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवलेला. रग उतरवताना ताणा कापावा लागत नाही, म्हणून टोकं सुटी राहत नाहीत. वर, खाली आणि बाजूंनाही पीळ दिलेली दोरी गुंफलेली असते आणि कोपऱ्यांना तिचे छोटे गोंडे निघतात. शेवटची काही बोटं विणताना धाग्यांतून जागाच उरत नाही, तेव्हा सुईने एकेक धागा ओवावा लागतो. मध्यम आकाराच्या रगला महिने लागतात ते उगाच नाही. मेक्सिकोतल्या पायमागावर मात्र लांबलचक ताणा चढवतात, रग कापून काढतात, आणि झालर राहते. नक्कल खपवायची असेल तर ही झालर सुईने पुन्हा आत खुपसतात. आमच्या रगच्या टोकाशी बोट फिरवलं की बोटाला जाडसर शिरा लागत होत्या. त्या खुपसलेल्या झालरीच्या. कडेलाही ताण्याचे दोन-दोन धागे जोडीने घेतले होते.

आता नुसती झालर दिसली म्हणून खोटा म्हणू नका. ‘गॅलप थ्रो’ नावाचे छोटे, स्वस्त नवाहो रग असतात, त्यांना एका टोकाला झालर असते. आणि स्पिरिट लाइन प्रत्येक खऱ्या रगात नसते. ती रेघ ओढायला नक्कल करणाऱ्याला कितीसे कष्ट?

राहिलं त्याच दुकानातून घेतलेलं १४० डॉलरचं ब्रेसलेट. ‘स्टर्लिंग, म्हणजे अस्सल चांदी, आणि फिरोजा स्लीपिंग ब्यूटी खाणीचा.’ ती ॲरिझोनातली खाण २०१२ मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिचा दगड महाग आहे. घरी नेलपॉलिश रिमूव्हरचा कापूस दगडावर घासला तर कापूस निळा झाला. हाउलाइट नावाचा पांढरा दगड रंगवून फिरोजा म्हणून विकतात, हा त्यातलाच असणार. (खऱ्या फिरोज्यावर हा प्रयोग करू नका, तो खराब होतो.) फिनिक्सच्या सराफाने धातू पाहून सांगितलं, जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदीचा कणही नाही. मागे कानशीने घासल्याची खूण होती. परदेशातून येणाऱ्या अशा दागिन्यांवर देशाचं नाव कोरलेलं असावं लागतं, आणि ते घासून काढणं हा या धंद्यातला जुना उद्योग. २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी मोठे छापे घातले होते. तिथे फिलिपिन्समध्ये बनलेले दागिने नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकले जात होते.

दुकानाला फोन केला. उत्तर: “मी नवाहो डिझाइन म्हणालो होतो, मॅडम.” बिल काढून पाहिलं तर ‘साउथवेस्ट स्टाइल वूल रग’, ‘ब्लू स्टोन कफ’. सोनेरी शिक्क्याच्या सर्टिफिकेटवर शुद्ध लोकर आणि हातविणीचा उल्लेख होता, कारागिराचं नाव कुठेच नव्हतं. क्रेडिट कार्डच्या बँकेनेही तेच बिल पाहून हात वर केले.

१९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टप्रमाणे दुसऱ्याचा माल नेटिव्ह अमेरिकन म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. या कायद्याला भिऊनच तोंडी एक आणि लेखी दुसरं चालतं. म्हणून पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या: बनवणाऱ्याचं नाव, त्याची जमात, चांदी असेल तर स्टर्लिंग, दगड नैसर्गिक आहे की रंगवलेला. खरा विक्रेता हे आनंदाने लिहितो. ‘आमच्याकडे तसं लिहीत नाहीत’ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडा. सँटा फेला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या पडवीत नेटिव्ह कारागीर स्वतः बसून दागिने विकतात, तिथे बनवणाऱ्याशीच बोलता येतं.

या कायद्याखालच्या तक्रारी घेणाऱ्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे मी तक्रार केली आहे. बिल, दुकानातल्या पाटीचा फोटो, रगच्या दोन्ही टोकांचे आणि ब्रेसलेटच्या मागच्या बाजूचे जवळून काढलेले फोटो जोडले आहेत. या रस्त्यावरच्या दुकानातून तुम्ही काही घेतलं असेल तर बिल आणि सर्टिफिकेट फेकू नका, आणि दुकानात ‘नवाहो’ अशी पाटी होती का, तुमच्या फोटोंत शोधा. आमच्या सासऱ्यांनी सहज काढलेल्या एका फोटोत ती मागे स्पष्ट दिसते.