ई-रीडर वापरून ८ महिने झाले, त्यात नागपूरचा एक अख्खा उन्हाळा

ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, दिवाळीच्या बोनसमधून घेतला होता, म्हणजे नोव्हेंबरपासून धरलं तर आता आठ महिने होऊन गेले. तेव्हाच लिहिणार होते, पण नवीन वस्तूचं कौतुक पहिले पंधरा दिवस सगळ्यांनाच असतं, मला तर मिक्सरचंही होतं, म्हणून थांबले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे तक्रारी आहेत आणि मला कोणाशी भांडायचं नाही. ६ इंची, काळापांढरा, लाइटवाला मॉडेल, दहा हजाराच्या आतबाहेर. वॉटरप्रूफ नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कूलर येणार आहे.

घरी नोकरी सांभाळून मी, दहावीत गेलेला मुलगा, चौथीतली मुलगी, सासूबाई, आणि नवरा जो महिन्यातले पंधरा दिवस टूरवर. लग्नाआधी मी वाचनालयाचं पुस्तक तिसऱ्या दिवशी परत नेणारी, आणि मागच्या पाच वर्षांत वाचून संपवलेली पुस्तकं मोजायला एक हात पुरेल. वेळच नाही वं, असं मैत्रिणींना सांगत होते, पण वेळ होता बाप्पा, तुकड्यातुकड्यानं होता, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, ट्यूशनच्या गेटसमोर गाडीवर बसून दहा मिनिटं, मुलगी झोपेपर्यंत तिच्या बाजूला अंधारात पडून राहायचं ते पाऊण तास. या सगळ्या तुकड्यांवर फोन बसला होता. आता तिथे हे आहे. रोज सगळ्या तुकड्यांवर नाही, पण बऱ्याच.

सगळ्यात जास्त वाचन मेट्रोत झालं. आमच्या बाजूची लोकमान्य नगर ते सीताबर्डी लाइन २०२० च्या जानेवारीत सुरू झाली तरी मी इतकी वर्षं स्कूटीच चालवून राहिली होती, सवय. आता वासुदेव नगरला बसते आणि झाशी राणी चौकाला उतरते, पंधराएक मिनिटं, जायची नि यायची मिळून अर्धा तास रोजचा. एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातात हे, अंगठ्यानं पान उलटायचं. जाडी कादंबरी अशी धरून दाखवा मला. उतरते तिथे जवळच विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ चा, समोरून रोज जाते आणि आत फार तर वर्षातून एकदा. हे लिहिताना जरा लाज वाटली.

स्क्रीनबद्दल सगळे विचारतात की डोळे दुखत नाहीत का. नाही दुखत, माझे तरी नाही. मुलानं मला समजावलं की पडद्याच्या आत बारीक बारीक गोळ्या असतात, त्यात काळे-पांढरे कण, वीज दिली की काळे वर नाहीतर पांढरे वर, आणि एकदा वर आले की तिथेच बसून राहतात, वीज लागते ती फक्त पान बदलताना. लाइटपण मागून डोळ्यात येत नाही, कडेच्या बारीक दिव्यांचा पानावर पडतो. म्हणून चार्जिंग मला अडीच आठवडे जातं, वायफाय बंद ठेवून. याची एक गंमत म्हणजे बॅटरी पार संपली तरी शेवटचं चित्र तसंच दिसत राहतं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, वाटलं बिघडलं. त्या अर्धा तास बोटानं त्या चित्राला पुढे ढकलत होत्या. आणि हो, मागच्या पानाची हलकी सावली राहते कधीकधी, मग एकदा सगळं काळं होऊन पान परत येतं. पहिल्यांदा दचकले होते, आता कळतही नाही.

आता उन्हाळा. एप्रिल-मे मधे आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही, आणि विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, उरलेला महाराष्ट्र दप्तर घेऊन निघाला तरी आमचे पोट्टे घरातच. म्हणजे दुपारी पाचही जण एका खोलीत कूलरसमोर. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या, नऊ दिवसांत तर कोणी दारही उघडत नाही. मी आपली कूलरसमोर चटई टाकून वाचत पडले तर पानं आपोआप उलटायला लागली. एक, दोन, मग सरळ पुढच्या प्रकरणात. मी म्हटलं गेले पैसे. मग दिसलं की कूलर नुकताच भरलेला, ताट्या ओल्या, हवेसोबत थेंब उडून राहिले होते आणि पडद्याला थेंब म्हणजे बोटच. पुसलं की ठीक. त्यानंतर झिप लावायच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकून वाचते, पिशवीवरूनही टच चालतो. तीच पिशवी आता स्वयंपाकघरातही, सांभार (कोथिंबीर) निवडताना ओट्यावर टेकवून ठेवायचं आणि बोटाच्या पेरानं पान उलटायचं. कणीक लागते, पिशवी धुवायची. घराबाहेरच्या उन्हात मात्र हे फोनपेक्षा कितीतरी बरं, भर दुपारी ट्यूशनच्या गेटवर फोन काळाठिक्कर दिसतो आणि हे छापील कागदासारखं.

मराठीचं काय, हे मला घ्यायच्या आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. विकत मिळणारी मराठी ई-पुस्तकं छान दिसतात, जोडाक्षरं व्यवस्थित, अक्षर मोठं केलं तरी ओळ मोडत नाही. पण मला हवी ती पुस्तकं निम्मी तरी ई-पुस्तकात नाहीतच. लेखक गेल्यावर ६० वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतात, अशी जुनी बरीच पुस्तकं मराठी विकिस्रोत या साइटवर फुकट आहेत आणि तिथून ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल उतरवता येते, माझं निम्मं वाचन त्याच्यावर चाललं. पण स्कॅन केलेली पीडीएफ टाकाल तर पस्तावाल. ६ इंचात अख्खं पान म्हणजे मुंग्यांची रांग, मोठं करा तर उजवीकडे सरकवा, परत डावीकडे आणा, दोन पानांत डोकं उठतं.

आणखी एक किस्सा. ह्यांच्या मामांनी स्वतःच्या आठवणी लिहून काढल्यात, डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेल्या, मोठ्या हौसेनं मला फाइल पाठवली. उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उद्गारचिन्हं, सगळा काला. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या मराठी अक्षरांच्या, आधीचा फॉन्ट. मुलानं कुठल्यातरी कन्व्हर्टरमधून काढून दिली, पण रफार सगळे चुकीच्या डोक्यावर, आणि मी ती तशीच वाचली कारण मामा रोज फोन करून विचारत होते कुठवर आलीस म्हणून.

शब्दकोशाचं दुःख वेगळंच. इंग्रजी शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो, मराठी शब्दावर काही नाही, माझ्या यंत्रात मराठी कोशच नाही. जुन्या पुस्तकात तर दर पानाला एक शब्द अडतो. मग मी फोन काढते, मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीचा कोश शिकागो विद्यापीठानं ऑनलाइन टाकलाय तो उघडते, अर्थ मिळतो, आणि वरती शाळेच्या ग्रुपचे ४३ मेसेज दिसतात. वीस मिनिटं गेली. यंत्र घेतलं कशासाठी आणि चाललंय काय.

मुलीनं याला साफ नाकारलं. चित्रं राखाडी, उलटायला पान नाही, वास नाही. बालभारतीनं किशोर मासिकाचे १९७१ पासूनचे अंक फुकट वाचायला ठेवलेत, मी लहानपणी वाचलेले त्यातले दोन उतरवून तिला मोठ्या उत्साहानं दाखवले, ती म्हणाली मम्मी हे तर झेरॉक्स आहे. बरोबरच बोलली. तिला शेवटी लॅपटॉपवर रंगीत दाखवले आणि पुस्तकं कागदाचीच आणते. लहान मुलांसाठी म्हणून हे घेत असाल तर नका घेऊ. मुलगा यातलं तंत्र सगळं जाणतो, वाचत एक ओळ नाही.

खरी गिऱ्हाईक निघाल्या सासूबाई. त्यांनी अक्षर इतकं मोठं करून घेतलं की एका ओळीत चारच शब्द, दर मिनिटाला पान उलटतात, पण चष्मा शोधत घरभर फिरणं बंद झालं. फक्त पोथी यात वाचणार नाहीत, म्हणाल्या सोवळ्यात चार्जर कुठे ठेवू. भानगड अशी की आम्ही दोघी एकच कादंबरी वाचतो आणि यंत्राला आम्ही दोघी म्हणजे एकच बाई. रात्री मी उघडते तर ते मला त्यांच्या पानावर नेऊन ठेवतं. आता मी पानाचा टक्का फ्रिजवर कॅलेंडरच्या कोपऱ्यात पेन्सिलनं लिहिते. तरी एकदा चहा गाळताना त्या सहज बोलून गेल्या, "तो मरते ना शेवटी." मी म्हटलं, "आई!" तर म्हणतात, "काहून वं, तू वाचलं नाही का अजून?"

शेजारच्या काकूंनाही तीच कादंबरी हवी होती. देऊ कशी? पैसे मोजून घेतलंय पण ते पुस्तक माझं नाही, मला फक्त वाचायची परवानगी आहे, द्यायचं तर अख्खं यंत्र द्यावं लागेल. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, याच्यावर आहे, आणि तरी शेजारणीला देता येत नाही. हा राग माझा अजून गेलेला नाही. काकूंसाठी शेवटी वाचनालयातून छापील आणली.

तुटण्याचंही सांगून ठेवते. फेब्रुवारीत स्कूटीच्या डिक्कीत कव्हर न घालता ठेवलं आणि वर दोन किलो संत्री. घरी आल्यावर खालच्या कोपऱ्यात एक उभी रेघ, अजून आहे. सर्व्हिसवाले म्हणाले असं नुकसान वॉरंटीत बसत नाही, पडदा बदलून मिळत नाही, नवीन घ्या, थोडी सूट देऊ. मी नाही घेतलं. रेघ शेवटच्या ओळीच्या दोन अक्षरांवरून जाते, ती अंदाजानं वाचते. कव्हरचे आठशे रुपये वाचवले होते मी. तुम्ही वाचवू नका.

परत घेईन का, तर हो, पण वॉटरप्रूफ घेईन, आणि जमलं तर दोन. हे सगळं फोनवर टाइप करून राहिले कारण यंत्र आईंकडे आहे. फ्रिजवर माझा ३८ लिहिलेला आहे, त्या ७१ वर आहेत आणि आतून हसायचा आवाज येऊन राहिला.